आल्विनच्या हेडफोनची तार

अल्व्हरस्टन गावातल्या आमच्या शेडमध्ये निवृत्त पुरुष बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतात. गावातल्या बायकांच्या मते आम्ही चांगल्या वस्तू बिघडवतो आणि चहा पितो. दोन्ही खरं आहे.

त्या गुरुवारी सकाळी ग्लेनिस नवऱ्याचा हेडफोन घेऊन आली. केबल डाव्या कानावरच्या वाटीपाशी तुटली होती. तिचा आल्विन दोन वर्षांत एक शब्द बोललेला नाही; मेंदूचा आजार. कानात रेडिओवरचं क्रिकेट चालू असलं की तो शांत बसतो, नसलं की हात आपटतो. गाडी दारासमोरच उभी होती आणि आत तो डॅशबोर्ड बडवत होता. थांबून थांबून, एका लयीत.

"रसल, लगेच होईल ना रे?" ती म्हणाली. "तीन दिवस झोप नाही मला." आणि गाडीत त्याच्याजवळ जाऊन बसली.

मी जुनी केबल कापली, नवीच्या तारा सोलून सोल्डर केल्या, मीटर लावला. काटा ढिम्म. या तारांवर रंगीत लाखेचा पातळ लेप असतो. तो आधी जाळला नाही तर जोड लागत नाही. मी विसरलो होतो. आमच्याकडे लेप विसरणाऱ्याने सगळ्यांचा चहा करायचा असतो.

"तिसऱ्यांदा, प्रोफेसर," शेजारच्या टेबलावरच्या मर्व्हने मला चिडवत कप मांडले. "माझ्यात दोन चमचे साखर."

प्लग टेबलावर मोकळा पडला होता, कशालाच न जोडलेला. वाट्या पुसता पुसता मी हेडफोन सहज कानाला लावला.

"रसल, तूच ना रे?" वाटीतून आवाज आला. "बरं झालं. लेप जाळू नकोस."

मी हेडफोन काढला. प्लग पाहिला. पुन्हा लावला.

"रेडिओ लागला की मला कुणाला हाक मारता येत नाही. ग्लेनिसला सांग."

मी हेडफोन मर्व्हच्या डोक्यावर ठेवला. तो ऐकत राहिला. मग खिडकीतून गाडीकडे बघू लागला. आल्विनचं तोंड मिटलेलं होतं.

"आवाज त्याचाच आहे," मर्व्ह म्हणाला. साखरेचा चमचा त्याच्या हातातच राहिला.

मी ग्लेनिसला आत बोलावलं. तिने हेडफोन लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं.

"यात काहीच येत नाहीये."

"आल्विन बोलतोय, ग्लेनिस. आम्ही दोघांनी ऐकलं."

"चेष्टा करायला दुसरं कुणी मिळालं नाही तुम्हाला?" तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "जोडून दे, रसल. हात जोडते तुझ्यापुढे."

बाहेर बडवणं वाढलं होतं.

मी सोल्डरिंग आयर्न उचललं.

हिरव्या तारेचा लेप जळताना वाटीतून "नको" ऐकू आलं.

लाल तारेच्या वेळी काही नाही.

मीटरचा काटा हलला. ग्लेनिसने गाडीत जाऊन हेडफोन आल्विनच्या डोक्यावर चढवला, रेडिओ लावला. त्याचा उचललेला हात हवेतच थांबला. मग मांडीवर उतरला.

"बघ, किती बरं वाटलं त्याला," ती रडत म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ती खोबऱ्यात घोळवलेला केक घेऊन आली. चेहऱ्यावर झोप झाल्याचं दिसत होतं. आम्ही केक खाल्ला. तो नाकारायला काही कारण सुचलं नाही.

"काल हेडफोन काढून पाहिला," ती म्हणाली. "दिवसभर. आता हेडफोन नसला तरी बडवत नाही तो. अगदी गप्प. तुम्ही नक्की काय केलंत?"