साकवावरची साखळी

रंगाचा चौदावा नमुना वाळला. त्याच्या दोन्ही टोकांना तारा लावल्या, पण दिवा लागला नाही.

नलूमावशीने चष्मा काढून डोळे चोळले. "शून्य. लिही."

शर्वरीने वहीत शून्य लिहिलं. त्याच्या वर आधीची तेरा शून्यं होतीच.

ही २०५८ सालची गोष्ट. कोंडसरीच्या नदीवरचा साकव (चालत जाण्यापुरता अरुंद पूल) जूनपासून बंद होता. त्याच्या एका फळीला खालून चीर गेली होती, आणि ती कुणालाच दिसली नव्हती. एका सकाळी फळी खचली आणि दूध घेऊन निघालेले भिकाजीकाका खडकावर पडले. दोन्ही पाय मोडले. नवी फळी बसवली, पण ग्रामसभेने ठरवलं, की चीर पडायला लागली हे साकवाने स्वतः सांगितलं पाहिजे, तोवर कुणी त्यावर पाय ठेवायचा नाही. तेव्हापासून मुलं वरच्या पुलाने शाळेत यायची. जायला दीड तास, यायला दीड तास. घरी पोचल्यावर शर्वरीला जेवायचंही त्राण उरत नसे.

मावशी पुण्याच्या प्रयोगशाळेतून आली होती. शाळेची रिकामी खोली तिने घेतली होती, आणि सोबत भिंगरी नावाचा ढवळणारा, मोजणारा यंत्रमानव आणला होता. मावशीला एक काळा रंग बनवायचा होता. त्यात कार्बनच्या नॅनोनलिका (अणूंच्या पोकळ नळ्या, केसाहून हजारो पट बारीक) मिसळलेल्या असणार होत्या. रंगातून वीज वाहत राहील, चीर पडली की थांबेल आणि घंटा वाजेल. बेत साधा होता, पण वीजच वाहत नव्हती.

"मावशी, चहात साखर दुप्पट घातली की चहा जास्त गोड होतो," शर्वरी म्हणाली. "तू नलिकांची पूड चौपट केलीस. मग वीज थोडी तरी वाढायला हवी ना? शून्याचं शून्यच कसं?"

मावशी दमून गेली होती. पण प्रश्न नेमका होता, म्हणून ती उठली. कोपऱ्यातल्या खराट्याचे हीर काढून तिने बोटभर लांबीचे तुकडे केले आणि फरशीवर खडूने हातभर चौकोन आखला.

"हे हीर म्हणजे नलिका. वीज एका हिरावरून दुसऱ्यावर जाते, पण ते एकमेकांना टेकले असतील तरच. आता न बघता टाक."

शर्वरीने वीस टाकले. सगळे सुटे. साठ टाकले. कुठे तिघांचा, कुठे पाचांचा घोळका झाला. शंभर झाले, घोळके मोठे झाले, पण चौकोनाच्या डाव्या कडेवरून उजवीकडे जाणारी वाट काही सापडेना.

"बघ, शंभर हीर टाकले तरी वीज शून्यच," मावशी म्हणाली. "टाकत राहा."

एकशे त्रेचाळिसावा हीर दोन मोठ्या घोळक्यांच्या मध्ये आडवा पडला. शर्वरीने बोट फिरवत नेलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साखळी तयार झाली होती!

"म्हणजे हळूहळू वाढत नाही. एकदम होतं!"

"त्यालाच उंबरठा-प्रमाण म्हणतात (ज्याच्या अलीकडे साखळी नाही आणि पलीकडे आहे, असं प्रमाण). प्रत्येक वेळी नेमके एकशे त्रेचाळीसच लागणार नाहीत. म्हणून भिंगरी हाच खेळ आकड्यांनी दहा हजार वेळा खेळते आणि सरासरी काढते. या रीतीला यदृच्छा-गणन म्हणतात (पुन्हा पुन्हा नशिबावर टाकून उत्तर काढणं)."

"मग तिने सांगितली तेवढी पूड घाल की."

"घातली. त्याच्या दीडपटही घातली. त्याहून जास्त घातली तर रंग ठिसूळ होतो, पापुद्रे सुटतात." मावशीचा आवाज खाली गेला. "आता एकच डबा उरलाय. तो संपला की मला परत बोलावतील."

शर्वरी ते हीर घरी दाखवायला दप्तरात घालून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तीच वाट तुडवत आली, खोलीत टेकली आणि हीर फरशीवर ओतले. मग कपाळाला हात लावला. वाटेत दप्तरातल्या पुस्तकांखाली जवळजवळ सगळे हीर मधोमध मोडले होते. तरी तिने ते टाकून पाहिले. अर्धे अर्धे मिळून दोनशे ऐंशीच्या वर तुकडे. पण साखळी होईना. पुन्हा टाकले, तरी नाही.

"मावशी, काल जमलं होतं गं. हीर तेच आहेत, वजनही तेच. नुसते मोडलेत."

मावशी फरशीकडे बघत राहिली. मग वळली. "भिंगरी, रंग किती वेळ ढवळतेस?"

"चाळीस मिनिटं, सर्वांत जास्त वेगाने," भिंगरी म्हणाली. "एकही गुठळी राहत नाही."

"नलिकाही राहत नसतील," मावशी पुटपुटली.

तिने चौदाव्या नमुन्याचा कण सोबत आणलेल्या छोट्या इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पडद्यावर नलिका दिसल्या, सगळ्या तोकड्या, मोडलेल्या. गणित बरोबर होतं, पण डब्यावर लिहिलेली लांबी धरून केलेलं. "लांबी अर्धी झाली तर साखळीला पूड दुप्पट लागते," मावशी सावकाश म्हणाली. "आणि या तर अर्ध्याहूनही आखूड झाल्यात. दोन महिने मी आकडे तपासत बसले गं."

शेवटचा डबा उघडला. या वेळी भिंगरीने अगदी मंद वेगाने, पाच तास ढवळलं. रंग वाळायला दोन दिवस लागले. तारा लावल्या आणि दिवा लागला. शर्वरीने पात्याने रंगावर बारीक चीर पाडली. साखळी जेमतेम जुळलेली होती, त्यामुळे तेवढ्यानेही दिवा विझला आणि घंटा वाजली.

शर्वरी ओरडली. मावशीने बाकावर डोकं टेकलं आणि घंटा बंद होण्याआधीच तिला झोप लागली.

साकवाच्या फळ्यांना खालून तोच रंग लावला आणि पंधरवड्याने साकव खुला झाला. शाळा सुटल्यावर दोघी त्यावरून निघाल्या आणि मध्यावर कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मावशी म्हणाली, "उद्या असाच रंग विमानाच्या पंखांना लावतील, धरणाच्या भिंतींना लावतील."

"पण मावशी, दहा हजार वेळा हीर कशाला टाकायचे? उंबरठा थेट काढता येईल असं सूत्र नाही?"

"असे फेकलेले हीर असतील तर नेमकं सूत्र अजून कुणालाच सापडलेलं नाही. भलेभले दमले."

"दमू देत," शर्वरी खाली पाण्याकडे बघत म्हणाली. "मी अजून सुरुवात कुठे केलीय?"