सहाव्या आठवड्यातल्या तेवीस अडचणी

ती त्या बाइंडिंगच्या कारखान्यात पहिल्यांदा शिरली तेव्हा खांद्याला पिशवी, हातात निथळती छत्री आणि चेहऱ्यावर उगाचच मोठ्या अधिकाऱ्याचा आव होता. दारातल्या उंच तरुणानं तिला पाहिलं मात्र, आणि एका दमात माफी मागायला सुरुवात केली.

"उलटी कव्हरं लागली ती आमचीच चूक आहे, मॅडम. दोनशे डायऱ्या, मान्य. परवापर्यंत सगळ्या उसवून पुन्हा बांधून देतो. कामगारांचा दोष नाही, मीच नीट बघितलं नाही..."

"अहो, पण..."

"नाही, तुमचं रागावणं बरोबर आहे."

"मी अजून रागावलेच नाहीये," ती म्हणाली. "मी संशोधनासाठी आलेय. कामाच्या ठिकाणी माणसं अडली की कोणाला विचारतात, यावर पीएच.डी. करतेय. तुमच्या मालकांनी परवानगी दिलीय."

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "म्हणजे... डायऱ्या तुमच्या नाहीत?"

"नाहीत. पण माफी छान मागता."

तर हा इथला फोरमन. त्यानं तिला खिडकीजवळ एक खुर्ची दिली आणि तिथं बसून ती रोज चार तास नोंदी करू लागली. नियम कडक होते. निरीक्षकानं कामात पडायचं नाही, मत द्यायचं नाही, आणि ज्यांचं निरीक्षण करायचं त्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोलायचं नाही. तिच्या तक्त्यात चार रकाने होते: वेळ, कोण, कोणाला, कशासाठी. कटिंग मशीनच्या खडखडाटात ऐकू काही यायचं नाही, म्हणून शेवटच्या रकान्यासाठी तिनं सोपी युक्ती काढली होती. माणूस हातातलं काम टाकून दुसऱ्याकडे गेला, बोलला आणि परत आला, की लिहायचं, 'कामातील अडचण'. तिच्या सरांनीही त्यावर होकार दिला होता.

दोन दिवसांत तिला कळून चुकलं की इथं जो तो अडला की शिवणीच्या टेबलाकडे जातो. तिथं मावशी बसायच्या. तीस वर्षं छापील पानांचे फर्मे शिवून त्यांची बोटं दोऱ्यासारखी चिवट झाली होती आणि जीभ सुईसारखी. खळ पातळ झाली, विचारा मावशींना. कापड कमी पडलं, विचारा मावशींना. फोरमन समोर उभा असला तरी लोक त्याला वळसा घालून मावशींकडे जात, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नसे.

फोरमन मात्र भारी माणूस होता. तिची खुर्ची डगमगते हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, तरी तिसऱ्या दिवशी खुर्चीच्या एका पायाखाली मापात कापलेला पुठ्ठा होता. खिडकीतून तिच्या वहीवर पावसाचे शिंतोडे उडू लागले की खिडकी आपोआप अर्धी लागायची. ती मान वर करायची तेव्हा तो पाठमोरा, कुठल्या तरी गठ्ठ्याचे कोपरे जुळवत... जे आधीच जुळलेले असायचे. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, 'फोरमन, बसण्याच्या जागेची व्यवस्था. निर्णय स्वतःचा.' लिहिताना आपल्याला हसू का येतंय, याला मात्र तक्त्यात रकाना नव्हता.

"एवढं शिकून काय शोधतेस गं?" बाबांनी एकदा जेवताना विचारलं.

"अडल्यावर माणूस कोणाला विचारतो ते."

"मग घरीच बसायचंस की. मी तुझ्या आईला विचारतो."

सहा आठवड्यांनी आकडे जुळवले आणि ती खुर्चीतून उठलीच. फोरमननं पहिल्या आठवड्यात मावशींना चार वेळा विचारलं होतं. तिसऱ्यात अकरा वेळा. सहाव्यात तेवीस! नेमलेला प्रमुख हळूहळू न नेमलेल्या प्रमुखाच्या हाती कारभार देतोय, हे कोणी इतक्या स्पष्ट आकड्यांत दाखवलं नसेल, असं सर म्हणाले. सगळं पाचवं प्रकरण तिनं त्या आलेखावर उभं केलं. त्यात एक वाक्य होतं, 'फोरमनमध्ये आत्मविश्वासाचा अभाव दिसतो.' ते लिहिताना तिला वाईट वाटलं होतं.

एकच काम उरलं होतं. निष्कर्ष त्याच माणसांसमोर वाचून दाखवायचे आणि ते बरोबर आहेत का विचारायचं. प्रबंध द्यायला तीन आठवडे होते. जेवणाच्या सुट्टीत तिनं आलेख भिंतीवर चिकटवला, मशीन बंद झालं आणि सगळे गोल करून बसले.

"ही रेघ फोरमनची," ती म्हणाली. "दर आठवड्याला ते मावशींकडे जास्त जास्त अडचणी घेऊन गेले. सहाव्या आठवड्यात तर—"

कटिंगवाले काका आधी खोकले. मग तो खोकला नसून हसू आहे हे सगळ्यांना कळलं आणि मग कोणीच थांबेना. फोरमन दाराकडे सरकला.

"थांब रे, पळतोस कुठं?" मावशी म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "अगं पोरी, कसली अडचण नि कसलं काय? पहिल्यांदा येऊन विचारतो, तिला चहा दिला तर चालेल का. मग साखर किती घेत असेल. मग निळा शर्ट बरा दिसतो का. काल विचारत होता, हिचं काम संपलं की ही येणारच नाही का. कामाचं एक अक्षर नाही. अडचण तूच होतीस!"

आलेख दाखवायला घेतलेली पट्टी तिच्या हातून खाली पडली. तिला एकाच वेळी इतका आनंद झाला आणि इतकी धडकी भरली की दोन्हींतलं आधी काय झालं ते तिला पुढेही सांगता आलं नाही. पाचवं प्रकरण गेलं... आणि तो... तेवीस वेळा!

दारापाशी त्यानं तिला गाठलं. चेहरा पार उतरलेला.

"मी लिहून देतो," तो घाईघाईनं म्हणाला. "सगळ्या कामाच्याच अडचणी होत्या म्हणून. सही करतो. तुमचं नुकसान नको."

"होत्या का कामाच्या?"

"...नाही. एकही नव्हती."

"मग खोटी सही माझ्या प्रबंधात नको." तिनं पिशवी खांद्याला अडकवली. "माझं अख्खं प्रकरण बुडवलंत तुम्ही. आता मला नव्यानं लिहायला हवं. आणि प्रबंध बांधायला जाईल त्या दिवसापर्यंत मला काही विचारायचं नाही. नियम आहे."

"आणि बांधायला गेल्यावर?"

"त्यावर नियम नाही," ती म्हणाली आणि भर पावसात छत्री न उघडताच निघाली.

सरांनी सगळं ऐकून आलेख बाजूला सारला. मग म्हणाले, "काढ त्या नोंदी. उरतंय काय ते बघ." उरलं होतं ते साधंच. बाकी अकरा माणसं खरोखरच कामाचं विचारायला मावशींकडे जात होती आणि फोरमन त्यांना जाऊ देत होता. एकदाही त्यानं कोणाला मधे अडवलं नव्हतं. अधिकार असून बाजूला उभं राहणारा माणूस तिच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून होता, तिनंच त्याला नीट वाचलं नव्हतं. आत्मविश्वासाचं वाक्य खोडून तिनं पंधरा दिवसांत नवं प्रकरण लिहिलं आणि ते जुन्यापेक्षा चांगलं उतरलं.

मग सुट्ट्या पानांचा गठ्ठा छातीशी धरून ती कारखान्यात गेली. चार दिवसांनी प्रती न्यायला आली तेव्हा काळ्या कापडातल्या पाच प्रती टेबलावर होत्या. सोनेरी अक्षरं सरळ, कव्हरं सुलटी.

"मीच बांधल्या," तो म्हणाला. निळा शर्ट होता. "एकशे बारा पानावरची तळटीप वाचली. 'काही नोंदी वगळल्या आहेत, कारण त्या अडचणी कामाच्या नसून निरीक्षकाविषयी होत्या.'"

"खरं तेच लिहिलं. आत्मविश्वासाचा अभाव आहे, तेही लिहिलं होतं. ते काढलं."

"ते खरं होतं की!"

ती हसली. तो काही बोलायला गेला... थांबला... आणि सवयीनं त्याची मान शिवणीच्या टेबलाकडे वळली. मावशींनी मुद्दाम सुईत डोकं घातलं.

"तिकडे बघू नका," ती हळूच म्हणाली. "ही अडचण मला विचारा."

मग त्यानं एका दमात विचारलं, पहिल्या दिवशी माफी मागितली होती तसं. "घरी आई आहे, धाकटी बहीण आहे, दोघी खूप बोलतात. मी सकाळी लवकर निघतो. हाताला खळीचा वास येतो, धुतला तरी जात नाही. तरी... तुम्हाला चालेल का? कायमचं?"

"चालेल."

"नाही, तुम्ही विचार करून सांगा, घाई नाही—"

"अहो, चालेल म्हटलं ना!"

कटिंग मशीन केव्हाच बंद झालं होतं. अख्खा कारखाना कान देऊन उभा होता. मावशींनी पदराला डोळे पुसले आणि दोऱ्याला उगाच शिव्या दिल्या.

"पोरी, नोंद करून ठेव गं," काका ओरडले. "उद्या म्हणेल, मी विचारलंच नव्हतं!"

"झालीय नोंद, काका," ती म्हणाली. पाचवी प्रत तिनं उचलली आणि त्याच्या हातात ठेवली.