पाइनचा शेंडा

वाऱ्याची चूक म्हणा की खोडी, पंकजाचं वाळत घातलेलं निळं लुगडं उडालं ते थेट शेजारच्या गच्चीवर, सेतूमाधवच्या वीतभर झाडावर जाऊन पडलं.

"अय्यो! मोडलें कीं काय?" ती कठड्याशी धावली.

"नाहीं... लाजलें थोडें," लुगडं परत देत तो म्हणाला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

शाळेत गणित शिकवणारा हा नवा शेजारी, त्या तमिळ मुलखात, आपल्यातलाच, मराठी बोलणारा निघाला. झाड पाइनचं होतं, कोडाईकनालहून आणलेलं. महायुद्धानंतर पलटणीबरोबर जपानला राहून आलेल्या मामानं त्याला कुंडीत बुटकं झाड वाढवायचा नाद लावला होता.

त्या दिवसापासून पंकजाचे कपडे वाळायला फार वेळ लागू लागला. कुंभकोणमच्या उन्हात!

"खालच्या फांद्या अशा बोडक्या कां?" तिनं एकदा विचारलं.

"वरचा शेंडा खुडल्यावांचून खालीं कोंब फुटत नाहींत."

"मग खुडा कीं!"

"हात धजत नाहीं हो... किती हौसेनें वाढतो आहे."

"आमचें मल्लिगैचें झुडूप आम्ही दर वर्षीं छाटतों. दया करीत बसलों तर वेणीस फुलें कोण देईल?"

तो हसला. बोटं शेंड्यापर्यंत नेली... आणि मागे घेतली. असा हा भित्रा माणूस पंकजाला मनापासून आवडला होता, त्याला काय करणार!

एका संध्याकाळी ती नुसतीच उभी राहिली. "शुक्रवारीं तंजावरचे लोक मज बघायास येतात."

सेतूचा चेहरा उतरला. "माझी नोकरी कायम होऊं दे. मग मी..."

"मग काय?"

त्यानं कुंडीतला शेंडा नुसताच चाचपला.

"जपा तुमचा शेंडा!" तिचे डोळे भरून आले. "खालीं मी वाळून जातें."

गुरुवारी आईनं हाक मारली, कॉफी घेऊन ये. पंकजा दारातच थबकली. अप्पांसमोर सेतू बसला होता, घामाघूम. मुठीत हिरवा शेंडा, ठेवायचा विसरलेला.

"हें काय आणिलें?" अप्पांनी विचारलं.

"शेंडा... पंकजानें सांगितलें म्हणून खुडला." त्यानं शेंडा अप्पांपुढे ठेवला. "नोकरी अजून कायम नाहीं. पण ती मज फार आवडते. तिला दुसरीकडे देऊं नका."

पंकजाच्या हातातली भांडी किणकिणली. अप्पांनी दाराकडे पाहिलं, मिशीत हसले. "आधीं कॉफी घे. निवते आहे."

श्रावणात पाइनच्या खालच्या फांदीवर इवले, टोकदार कोंब आले. ते आधी पंकजालाच दिसले. पण या वेळी तिला कठड्यावरून वाकावं लागलं नाही. ती पलीकडच्याच गच्चीवर, निळं लुगडं वाळत घालत होती.