तहानलेलं मीठ

कोणीतरी पाणी पीत होतं. गटागटा, न थांबता.

कस्तुरी औषधघराच्या दारात थबकली. बाहेर पन्नास अंशांचं ऊन, अख्खं गाव दारं लावून पडलेलं. आत अंधार, गारवा आणि तो आवाज. तिच्या धाकट्या भावाचं, चिनूचं, इन्सुलिन इथंच ठेवलेलं असे. एवढं एकच ठिकाण गावात गार होतं.

भिंतीतल्या टाकीला काचेचा झरोका होता. आत पाणी खदखदत होतं, पण खाली जाळ नव्हता. तिनं भीत भीत काचेला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. काच बर्फगार होती!

"भ्यालीस काय वं?" अंधारातून इंदूमावशी पुढं आली. हे यंत्र तिनंच उभारलं होतं.

"मावशी, उकळतं पाणी गार कसं? आणि पितंय कोण?"

"मीठ पितंय. पण चाखायचं नाही हां! हे लिथियम ब्रोमाइड (लिथियम धातू आणि ब्रोमीन यांचा क्षार). पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना? मीठ हवेतली वाफ ओढतं. हे त्याहून हावरट. टाकी निर्वात (हवा काढून घेतलेली) आहे. हवेचा दाब नसला की पाणी गार असतानाच उकळतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतून ओढतं. झालेली वाफ शेजारच्या टाकीतलं मीठ पिऊन टाकतं, म्हणून उकळणं थांबत नाही."

"त्याचं पोट नाही भरत?"

"भरतं की! मग ते छपरावर जातं. तिथं आरशांनी गोळा केलेलं ऊन त्यातलं पाणी उडवतं. त्याची वाफ निवली की पाणी होऊन पुन्हा इथं येते आणि दाट, तहानलेलं मीठ त्या नळीतून खाली उतरतं. मोठे कारखानेही वाया जाणाऱ्या उष्णतेवर असाच गारवा करतात."

मावशी बोलायची थांबली, आणि आवाजही थांबला.

झरोक्यातले बुडबुडे विरले. खोलीत एकदम सामसूम झाली. तापमापीचा काटा वर सरकू लागला. चिनूचं औषध उन्हानं नासलं तर?

टप्. टप्. कोपऱ्यात दोन पिवळे डोळे उजळले. तो मावशीचा यंत्रमानव होता, ठोंब्या. त्याच्या हातांतून पाणी गळत होतं.

"नळी फार तापली होती," तो शांतपणे म्हणाला. "मी ओलं गोणपाट गुंडाळलं. गावात रांजणाला गुंडाळतात तसं."

"अरे ठोंब्या, काय केलंस हे!" मावशीनं कपाळाला हात लावला.

कस्तुरी मात्र विचारात पडली. "मावशी, पाक गार झाला की कढईतच दगड होतो. तसं या मिठाचं झालं असेल?"

"अगदी तसंच! नळीत स्फटिक (क्षाराचे कडक खडे) बसलेत, मीठ खाली उतरेना."

कस्तुरीनं गोणपाट ओरबाडून काढलं आणि छपरावरच्या पिंपातलं उन्हानं तापलेलं पाणी बादलीनं नळीवर ओतत राहिली. काहीच होईना. ती रडायच्या बेतात होती, तोच नळीच्या आतून कोणी टकटक करावी तसा आवाज आला. मग एक मोठा घोट. मग गटागटा!

काटा खाली उतरला. कस्तुरीनं औषधाच्या डब्याला हात लावून पाहिला. तो अजून गार होता.

"मावशी, म्हणजे ऊन जितकं भडकेल, तितकी मिठाची तहान वाढेल?"

"आणि आपल्याला गारवाही मिळेल. पुढचे उन्हाळे याहून कडक असतील पोरी, पण आता ऊन नुसतं वैरी नाही राहिलं."

ठोंब्या नळीवर कोरडा हात ठेवून बसला. त्याचे डोळे मंद झाले, पण मिटले नाहीत.

"मी मीठ खात नाही," तो म्हणाला. "तरी मिठाला जागेन."