विसाव्या गोळीनंतर

ही गोष्ट खरी आहे.

"माझा भुतांवर विश्वास नाही" अशी सुरुवात करणारे पुढे हमखास भूतच सांगतात, म्हणून मी ते वाक्य म्हणणार नाही. एवढंच सांगतो की जिच्या बाबतीत हे घडलं ती राजिता आमच्या समोरच्या दारात राहते. आणि त्यातली एक कागदाची पट्टी मी स्वतःच्या हातात धरून पाहिली आहे.

जागा बोल्लारम, हैदराबादच्या बाहेर. गोळ्या बनवणारा कारखाना. दिवस दसऱ्याच्या आधीचा, आयुधपूजेचा.

वेळ रात्रीची नव्हती... सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन होतं.

पण आधी त्याच्या वर्षभर आधीचं सांगायला हवं.

राजिताचं काम ऐकायला सोपं. मशीनमधून गोळ्या पडत असतात. दर अर्ध्या तासाने त्यातल्या वीस उचलायच्या, एकेक करून काट्यावर ठेवायच्या, आकडा लिहायचा. गोळी तीनशे मिलिग्रॅमची. दोनशे पंच्याऐंशी ते तीनशे पंधरा एवढं चालतं. त्याबाहेर दोन गोळ्या गेल्या तरी चालतं. तिसरी गेली की मशीन बंद. कारण वजन कमी म्हणजे औषध कमी, आणि या गोळ्या फिट येणाऱ्यांच्या होत्या.

हे काम तिला शिकवलं सुगुणाक्काने. अक्का तिथे सतरा वर्षं होती. काट्याभोवती काचेची पेटी असते, तरी तो इतका नाजूक की तोंडाच्या वाऱ्यानेही आकडा हलतो. म्हणून अक्का गोळी ठेवताना श्वास धरायची.

"श्वास धर, बिड्डा," ती लेकराला म्हणावं तसं म्हणायची. "काट्याला गोळीचं वजन हवंय, तुझं नको. तुझं केलं तर बिचारा मोडेल."

वीस गोळ्या होईपर्यंत तिचं असं चालायचं. विसावी झाली की मात्र ती एक लांब श्वास सोडायची, घर आवरून एकदाची खाली बसलेल्या बाईसारखा. तो आवाज आला की सगळ्यांना कळायचं, वजन ठीक आहे.

नियम असा की एकीने वजन करायचं आणि दुसरीने ते बघून सही करायची.

वर्षभरापूर्वीच्या त्या दिवशी सद्दुला बतुकम्मा होती. फुलांचा सण. राजिताच्या मुलीने सकाळपासून तंगेडूची फुलं परातीत रचायला घेतली होती आणि आईला चारची बस चुकवू नकोस म्हणून तीनदा बजावलं होतं.

साडेतीनची तपासणी बाकी होती.

राजिताने वीस गोळ्या पुडीत घेतल्या. काट्यापर्यंत गेलीच नाही. तीन वाजताचे आकडे समोर होते, सगळे चांगले. तेच तिने पुन्हा लिहिले, शेवटचा अंक तेवढा बदलून. मग वही घेऊन अक्काकडे धावली. अक्का दुसऱ्या मशीनवर होती.

"अक्का, सही करा ना. बस जाईल माझी."

"वीसच्या वीस केल्यास?"

"केल्या की. मी काय काल आलेली आहे?"

"काल आलेली विचारून करते. तुमच्यासारख्या जुन्या झालेल्यांचीच भीती वाटते मला. आण इकडे."

सतरा वर्षांत अक्काने पहिल्यांदा न बघता सही केली.

संध्याकाळी बायका फुलांभोवती फेर धरून टाळ्या वाजवत होत्या. राजिताने हळदीसाठी पिशवीत हात घातला, तर हाताला पुडी लागली. वीस गोळ्या. गडबडीत तिच्याबरोबर घरी आल्या होत्या. तिने त्या कपाटात साड्यांखाली ठेवल्या. उद्या नेऊ म्हणाली, आणि नेल्या नाहीत.

डिसेंबरात सरकारी दवाखान्यातून तक्रार आली. त्या बॅचच्या काही गोळ्या हलक्या निघाल्या होत्या. एका मुलीला पुन्हा फिट आल्या होत्या. मुलगी वाचली, पण चौकशी बसली.

अक्काने राजिताला हात धुण्याच्या जागी गाठलं. नळ चालू ठेवूनच विचारलं.

"तू वजन केलं होतंस ना?"

"हो अक्का."

"बरं."

एवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. चौकशीत म्हणाली, "सही माझी आहे, सर. बघायचं काम माझं होतं." संक्रांतीनंतर तिला घरी बसवलं. लोक म्हणायचे, सतरा वर्षं आकडे असेच भरत असेल ही. राजिता ऐकून घ्यायची आणि गप्प राहायची. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण अक्कापुढे उभं राहायची भीती त्याहून मोठी होती.

जुलैत, बोनालु सणाच्या आठवड्यात, अक्का गेली. झोपेतच. राजिता मातीलासुद्धा गेली नाही.

त्यानंतर ते सुरू झालं.

आधी तिला भास वाटला. विसावी गोळी ठेवली की पाठीमागे, अगदी कानाजवळ... कोणीतरी श्वास आत घ्यायचं.

सोडायचं नाही.

ती वळून बघायची. कोणी नसायचं. ती थांबायची, आता सुटेल, मग सुटेल... श्वास सुटायचा नाही. दर अर्ध्या तासाने हेच. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. तिचं जेवण सुटलं. माझ्या बायकोने तिला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं.

मग आयुधपूजा आली.

त्या दिवशी तिथे एकही यंत्र चालत नाही. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा. गोळ्यांच्या खोलीत कुंकू नेता येत नाही, म्हणून कागदावर कुंकू लावून तो बाहेर काचेला चिकटवतात. ते काम राजिताकडे आलं. बाकी सगळे फाटकाशी कोहळा फोडायला गेले होते. आतली वीज मुख्य खटक्यापासून बंद होती.

तिथे एरवी थंड हवेच्या यंत्राची घरघर कायम असते. त्या दिवशी ती नव्हती. राजिता म्हणते, इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. स्वतःच्या चपलेचा आवाजही परक्याचा वाटत होता.

तिने कागद चिकटवला. झेंडूचं एक फूल खाली ठेवलं. जायला वळली.

आत, काचेपलीकडे... श्वास घेतल्याचा आवाज आला.

मग... टिर्र.

काट्याला जोडलेलं छापयंत्र होतं ते. तक्रारीनंतर बसवलेलं, हाताने आकडे लिहिणं बंद व्हावं म्हणून. वीज बंद होती. काट्यावरचा आकडा दिसत नव्हता, आकड्याची काच काळी होती.

टिर्र... टिर्र...

ती मोजत राहिली. वीस वेळा आवाज आला आणि थांबला.

ती आत गेली. काट्यावर काही नव्हतं. कागदाची पट्टी मात्र बाहेर लोंबत होती. वर बॅचचा क्रमांक, गेल्या वर्षीचा. तारीख सद्दुला बतुकम्माची, वेळ दुपारची साडेतीन. खाली वीस आकडे. पहिली गोळी दोनशे नव्वद, दुसरी दोनशे ब्याऐंशी, तिसरी दोनशे एकोणऐंशी... चौदावी दोनशे सहासष्ट. वीसमधल्या नऊ हलक्या.

खाली सहीच्या दोन जागा. दोन्ही रिकाम्या.

दसरा झाल्यावर पहिल्या दिवशी, सकाळी लवकर, राजिता साड्यांखालची ती पुडी घेऊन कामावर गेली. काटा लावला, श्वास धरला, एकेक गोळी ठेवली.

दोनशे नव्वद. दोनशे ब्याऐंशी. दोनशे एकोणऐंशी.

वीसच्या वीस तेच आकडे, त्याच क्रमाने.

तिने गोळ्या मुठीत घेऊन हलवल्या, मिसळल्या आणि पुन्हा वजन केलं.

दोनशे नव्वद. दोनशे ब्याऐंशी...

क्रम बदललाच नाही. तिसऱ्यांदाही नाही. आणि तिन्ही वेळा विसाव्या गोळीनंतर पाठीमागे तो श्वास आत गेला... आणि आतच राहिला.

ती पट्ट्या घेऊन सरळ तपासणीचे प्रमुख वेणुगोपाल सरांकडे गेली. सगळं सांगितलं.

"वर्षभर या घरी ठेवल्यास?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"फेकल्या का नाहीस?"

"फेकवेनात."

सरांनी बराच वेळ पट्ट्या बघितल्या. म्हणाले, वर्षभर घरी पडलेल्या गोळीच्या वजनात दमट हवेने फरक पडायला हवा होता. मग पूजेच्या दिवसाची पट्टी त्यांनी तिला परत दिली आणि म्हणाले, ही मी पाहिली नाही. अक्कावरचा ठपका काढल्याचं पत्र निघालं. राजिताची नोकरी गेली.

नोकरी गेली त्या संध्याकाळी ती अक्काच्या घरी पोचली. अक्काचा नवरा मल्लेशम दारात शिलाई मशीनवर बसला होता. ती त्याला बावा, म्हणजे भावजी, म्हणायची.

"ये बिड्डा, बस. त्या खुर्चीवर नको, ती तिची आहे."

रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली साधी प्लास्टिकची खुर्ची होती. राजिता पायरीवर बसली आणि रडत रडत सगळं सांगितलं. तो कापड मुडपत ऐकत राहिला.

"तिला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"चौकशीत वही बघितली तेव्हाच कळलं तिला. म्हणाली, तीनच्या आकड्यांची नुसती शेपटं बदललीत. माझ्याच हाताखाली शिकलेली, मला कळणार नाही होय?"

"मग सांगितलं का नाही त्यांनी?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, मी सांगितलं तर तिचं सांगायचं राहून जाईल. चारला सुटलेली तुमची बस पाचला इथून जाते ना? रोज पाचला ती त्या खुर्चीवर बसायची. म्हणायची, आज उतरेल. आज नाही तर उद्या उतरेल."

त्या बसमध्ये ती रोज असायची. रोज खिडकीकडून तोंड फिरवून बसायची.

रस्त्यावरून पाचची बस गेली.

रिकाम्या खुर्चीकडून... श्वास आत घेतल्याचा आवाज आला. दोघांनीही ऐकला. मल्लेशमने मान वर केली नाही.

"रोज येतो," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तू आलीस की सुटेल."

दोघं अंधार पडेपर्यंत बसून राहिले. तो सुटला नाही.

मी हे सगळं मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मी राजिताबरोबर तिथे गेलो. ती आता रोज जाते. रोज त्याच पायरीवर बसते आणि खुर्चीकडे बघून पहिल्यापासून सगळं सांगते, एकही गोष्ट न गाळता. पाचची बस गेली आणि तो आवाज मीही ऐकला. बाईमाणसाचा होता, थकलेला. तो सुटायची वाट बघता बघता माझीच छाती भरून आली.

परत येताना मी तिला विचारलं, हे असं किती दिवस करणार?

"अक्का सहा महिने बसली होती," ती म्हणाली. "माझे आत्ताशी तीन झालेत."