रोज दहा मिनिटं चुकायला

उन्मेष त्या वर्गात शिरला तो केवळ लॅपटॉप बंद करायला.

दोन हजार एकवीसचा जून होता. शाळा अजून उघडल्या नव्हत्या. उन्मेषची बहीण हॉस्पिटलात नर्स, तिच्या ड्युट्यांचा काही नेम नाही, म्हणून तिची लेक मनू आजोळी, गिरगावात येऊन राहिली होती. मनू दहावीत. शाळा परळची, पण वर्ग भरायचा मामाच्या जुन्या लॅपटॉपवर. उन्मेष विमा कंपनीत होता, त्याचंही ऑफिस तेव्हा घरातच, खिडकीजवळच्या टेबलावर. त्या दिवशी मनू लॅपटॉप तसाच उघडा टाकून स्वयंपाकघरात पोहे खायला गेली आणि पडद्यावरून एक आवाज येत राहिला.

"कळलं का?... कुणीतरी हो म्हणा. नाही म्हणालात तरी चालेल."

पडद्यावर अडतीस काळे चौकोन आणि एकच चेहरा. सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, केस घाईनं बांधलेले, मागे चाळीतल्या खोलीची फिकट हिरवी भिंत. ती थांबली. वाट पाहत राहिली. कुणी बोललं नाही, तरी तिच्या चेहऱ्यावर वैताग उमटला नाही. उन्मेषला राहवेना. त्यानं माइक सुरू केला.

"आवाज येतोय, मॅडम."

"कोण बोलतंय?"

"मी... मनूचा मामा."

कुठल्यातरी चौकोनात फिसकन हसू फुटलं. मग दुसऱ्यात. उन्मेष ओशाळून लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा मामा. आलाच आहात तर सांगून जा. एका उंचीवरून दगड आणि पीस एकदम सोडलं. मधे हवा अजिबात नाही. आधी खाली काय येईल?"

"दगड," उन्मेष ठामपणे म्हणाला.

"चुकलं," एक मुलगी बोलली. तिच्यामागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. "दोन्ही एकदमच येणार. हवाच नाही ना, पिसाला अडवणार कोण?"

"शेवंती," बाई हळूच म्हणाल्या, "तुझा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

मग काय, पुढची पाच मिनिटं सगळा वर्ग मामाला समजावत बसला.

संध्याकाळी उन्मेषच्या फोनवर अनोळखी नंबर आला.

"मी संघमित्रा. मनूची सायन्सची टीचर. एक विचारायचं होतं... थोडं विचित्र वाटेल."

"विचारा ना."

"तुम्ही रोज दहा मिनिटं चुकायला याल का?"

उन्मेषला हसू आलं. ती मात्र गंभीर होती. "मी विचारलं की मुलं गप्प. चुकलो तर सगळ्यांसमोर हसं होईल, ही भीती. समोर वर्ग असला की मला डोळ्यांवरून कळतं कुणाचं अडलंय. इथे डोळेच नाहीत. कोडी घातली, चित्रं दाखवली, कॅमेरे सुरू करा म्हणून विनवून झालं. आज एक मोठा माणूस चुकला आणि अकरा मुलं बोलली."

"आणि मी बरोबर उत्तर दिलं तर?"

"त्याची शक्यता मला कमी वाटते," ती म्हणाली, आणि फोनवर पहिल्यांदा हसली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची चूक ठरू लागली. चूक ठरवायला खरं तर दोन मिनिटं पुरायची. फोन मात्र अर्धा-पाऊण तास चालायचा.

"उद्या तुम्ही म्हणायचं, भिंगातून वस्तू नेहमी मोठीच दिसते."

"दिसत नाही?"

"उन्मेष... तुम्हाला मुद्दाम काही शिकवायची गरजच नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिनं मुलांना घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे वाचायचे चष्मे आणायला लावले. मनूनं अण्णांच्या, म्हणजे उन्मेषच्या वडिलांच्या नाकावरचा चष्मा काढून खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरला, पुढेमागे केला. भिंतीवर इवलीशी खिडकी उमटली, गजांसकट आणि उलटी. अण्णा पेपर बाजूला ठेवून बघत राहिले. आणि पडद्यावर एकेक काळा चौकोन उजळू लागला. प्रत्येकाला आपली भिंत दाखवायची होती. कॅमेरे सुरू करा, असं त्या दिवशी कुणी म्हणालंच नव्हतं.

उन्मेष मात्र भिंतीकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. अकरा वाजता कुणाच्या घरी पाणी येतं म्हणून त्याला साडेअकराला प्रश्न विचारायचा, कोण नेटवर्कसाठी जिन्यात बसतं म्हणून त्याला लिहायला जास्त वेळ द्यायचा — हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असायचं. हजेरी घेताना ती 'का आला नाहीस' असं न म्हणता 'काल काय झालं' असं विचारायची. एवढं लक्ष आपण आयुष्यात कशाला दिलंय का, असं त्याला वाटून जायचं.

ऑगस्टमध्ये शेवंती दिसेनाशी झाली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. फोन कुणी उचलेना.

"मी शिवडीला जातेय तिच्या घरी," संघमित्रा म्हणाली.

"मी येऊ?"

"...या."

शिवडीच्या बस स्टॉपवर त्याला ती लगेच ओळखू आली नाही. इतके दिवस नुसता चेहरा पाहिलेला, आणि आता मास्कच्या वर फक्त डोळे. पण त्या डोळ्यांनी आधी त्याला ओळखलं आणि ते हसले. गोदामांच्या रांगेमागे शेवंतीची खोली होती. तिचे वडील राजाराम टेम्पो चालवायचे. पूर्वी ते दुपारी निघायचे, आता सकाळची पाळी. घरात फोन एकच, तो सात वाजता त्यांच्याबरोबर जायचा. शेवंती मग आईबरोबर दादरला फुलांचे हार ओवायला बसायची.

"शाळा सोडली नाही मी," ती खाली बघत म्हणाली. "फोन नाही, एवढंच. मुलांना सांगू नका."

"तुझे बाबा निघायच्या आधी, सहा वाजता फोन करीन," संघमित्रा म्हणाली. "रोज. तुझा वर्ग आधी, बाकीच्यांचा नंतर."

"मामांना पण घ्या," शेवंती म्हणाली. "त्यांच्या चुका काढायला बरं वाटतं."

असा तिघांचा वर्ग सुरू झाला. संघमित्रा डिलाईल रोडच्या चाळीच्या गॅलरीत, खांद्यावर ओले केस. मागून नाना, तिचे वडील, चहाचा कप तिच्या हातात देऊन जायचे. अख्ख्या वर्गाला जितक्या उत्साहानं शिकवायची, तितक्याच उत्साहानं ती एका मुलीला शिकवायची. उन्मेष बघत राहायचा, आणि त्याची येणारी उत्तरंही चुकू लागली.

एके दिवशी वर्गातली मुलं कंटाळलेली होती. चुकायला आलेल्या उन्मेषनं भरल्या मनानं सांगून टाकलं, "अरे, ती शेवंती बघा. फुलं ओवते दिवसभर, घरात फोन नाही, तरी पहाटे उठून शिकते."

संघमित्राचा चेहरा उतरला. त्याला तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी फोनवर ती शांतपणे बोलली. म्हणूनच जास्त लागलं. "तिनं ते विश्वासानं सांगितलं होतं. तिच्या मैत्रिणींना आता सगळं कळलंय, त्यांनी तिला फोन करून विचारलं. आता तिनं फोन बंद ठेवायला सांगितलंय बाबांना, त्यांनीच मला कळवलं."

"मी कौतुकच..."

"हो. तिला न विचारता."

नंतर चार दिवस संघमित्राचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी उन्मेष दादरला गेला. फुलबाजाराच्या कडेला, झेंडूच्या ढिगापाशी शेवंती आईशेजारी बसली होती. तो समोर उकिडवा बसला.

"माझं चुकलं, शेवंती. या वेळी मुद्दाम नाही."

ती ओवत राहिली. मान वर न करता म्हणाली, "बाईंना माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं. तेवढं बास होतं."

"हो."

"बाई रागावल्या?"

"चार दिवस बोलल्या नाहीत."

तिनं दोऱ्याला गाठ मारली. ओठांच्या कडेला हसू आल्यासारखं झालं. "उद्या फोन करते त्यांना. तुमच्यासाठी नाही. माझा अपवर्तनाचा धडा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता उन्मेषचा फोन वाजला. पडद्यावर दोघी होत्या. संघमित्रा त्याच्याकडे बघून फक्त म्हणाली, "वही घ्या."

चार ऑक्टोबरला शाळा उघडली. मनूला सोडायला उन्मेष परळला गेला. फाटकापाशी संघमित्रा एकेकाच्या कपाळाचं तापमान बघून आत सोडत होती, प्रत्येकाला नावानं हाक मारत. अडतीसच्या अडतीस आले. शेवंती दोन वेण्या घालून आली, तिच्या शेजारी कोण बसणार यावरून दोन मुलींची कुरबूर चालली होती.

दुपारी शाळा सुटल्यावर तो तिथेच होता. मनू मैत्रिणींबरोबर पुढे गेली; तो आणि संघमित्रा कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला थांबले. मास्क खाली आले. पडदा नाही, मास्क नाही — इतक्या जवळून त्यानं तिला प्रथमच पाहिलं. हनुवटीवर खडूचा पांढरा डाग होता.

"आता वर्गात तुमची गरज नाही," ती म्हणाली. "आज मुलं आपणहून बोलली."

"मग संध्याकाळचे फोन?"

ती कपाभोवती बोटं फिरवत राहिली.

"संघमित्रा, मला... ते फोन हवेत. जन्मभर हवेत. तुम्ही ज्या तऱ्हेनं माणसाकडे बघता, त्याच्या आसपास मला राहायचंय. अण्णांना सांगायचंय. पण तुम्हाला विचारल्याशिवाय कुणाला एक शब्द सांगणार नाही."

"माझं आडनाव ऐकलं की तुमचे नातेवाईक विचारतील काहीबाही."

"विचारतील. उत्तर मी देईन. अण्णा एवढंच विचारतील, की त्या चष्म्याच्या बाई ना?"

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले. तिनं चहा संपवला, कप ठेवला, ओढणीनं हनुवटी पुसली. डाग तसाच राहिला.

"नानांना मी सांगते," ती म्हणाली. "अण्णांना तू सांग."