टायपिस्ट खुर्चीत बसली आहे

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल वाटून घ्यावं. माझ्या मावसबहिणीची, चिमीची, नोकरी गेली, ती मात्र खरीच गेली.

मंगळवार होता. टळटळीत दुपार. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत चिमी एका फोटोसमोर बसली होती. सत्तर वर्षांपूर्वीचा कृष्णधवल फोटो. कचेरीतली टायपिस्ट, टेबल, मशीन. बाईचं नाव कुणालाच माहीत नाही. फोटोत काय दिसतं ते चार ओळींत लिहायचं, की शुक्रवारी तो प्रदर्शनात लागणार. मजकूर पसंत पडला तर चिमी नोकरीत कायम होणार होती. तीन वर्षं ती त्यासाठीच राबत होती.

तिने लिहिलं, टायपिस्ट किंचित हसते आहे.

संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी कागद परत पाठवला. हसतेय कुठे?

चिमीने भिंग लावलं...

ओठ घट्ट मिटलेले होते.

चरफडत तिने नवं लिहिलं, ती थेट कॅमेऱ्याकडे पाहते आहे. कागद पुन्हा परत. नजर खाली आहे, जरा डोळे उघडून बघत जा, असा वर शेरा.

बघितलं तर... नजर खालीच होती.

बुधवारी हात मशीनवर आहेत म्हणून लिहिलं, ते मांडीवर निघाले. चिमीच्या नाकी नऊ आले. मी काय डोळे विकून खाल्लेत का, असं ती मला फोनवर विचारत होती. मी चष्मा बदल म्हटलं, तर तिने फोनच ठेवला. घाबरली नव्हती ती, भयंकर चिडली होती. फोटोतली बाई मुद्दाम करतेय, हे तिचं ठाम मत झालं होतं.

गुरुवारी सकाळी दाराशी आली, तर आतून टक्... टक्... टक्...

दार उघडलं आणि आवाज थांबला.

मग तिने हट्टाने एकच ओळ लिहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला! टायपिस्ट खुर्चीत बसली आहे. आता काढा म्हणावं चूक.

या वेळी मॅडम स्वतः आल्या. फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"कोण बसलंय?"

टेबल होतं. मशीन होतं. खुर्ची जराशी मागे सरकलेली...

बाई नव्हती.

मूळ फोटो बदलला, असा ठपका चिमीवर आला. शुक्रवारपासून ती घरी आहे. भीती वाटते का विचारलं की उसळते.

"भीती कसली? उठली ना ती? मग गेली कुठे, तेवढं सांगा मला."

तिच्याकडे जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. एकीवर हल्ली कायम चिमीची पर्स असते, कुणासाठी जागा धरून ठेवल्यासारखी. परवा घरात माणसं जास्त होती, म्हणून मी ती पर्स उचलायला गेले. चिमीने माझं मनगट धरलं.

"तू उभी राहा," म्हणाली.